कॅमेऱ्याआधी सलाम

मोहरमच्या दिवसांत राजूरला माझ्या खालाच्या घरी चोंगे होतात. गुळाच्या पाण्यात मळलेली कणीक, वर नक्षी, आणि घरभर तुपाचा वास. दोन वर्षांपूर्वी तिच्या एकोणीस वर्षांच्या नातवाने त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. खाला चुलीपुढे बसलेली, हात पिठात, पदर डोक्यावरून घसरलेला आणि तोंडाने कुणाला तरी रागावणं चालू. दृश्य खरोखर सुंदर होतं. त्याने तीस सेकंदांचं रील टाकलं. पहिल्या रात्री चार हजार लोकांनी पाहिलं, तिसऱ्या दिवशी आकडा अडीच लाखांवर गेला.

चौथ्या दिवशी एका मोठ्या पेजने ते रील उचललं. कोपऱ्यातलं पोराच्या चॅनलचं नाव कापलं, चित्र आरशासारखं उलटं केलं, वर दुसरं संगीत चढवलं आणि खाली एक ओळ लिहिली. ती ओळ इथे छापण्यासारखी नाही. कॉमेंटमध्ये दोन प्रकारचे लोक जमले. एकांना खालाच्या परातीत घाण आणि कारस्थान दिसलं. दुसरे आपलेच होते. त्यांना चोंग्यात बिदअत दिसली आणि उघड्या डोक्यात बेहयाई. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन कळप साठी उलटलेल्या एका बाईवर तुटून पडताना एकाच रांगेत उभे होते.

महिनाभर खाला अंगणात बसली नाही. मी पुण्याहून गेलो तेव्हा ती ट्रोलांबद्दल काहीच बोलली नाही. त्या पेजबद्दलही नाही. नातवाकडे बघून एवढंच म्हणाली, “अरे, नुसतं विचारलं असतंस, तर पदर तरी सावरला असता.”

मी सॉफ्टवेअरवाला आहे. चोरलेलं रील खाली कसं उतरवायचं, हे पोराला मी दाखवलं. कॉपीराइटची तक्रार केली आणि काही दिवसांनी ते रील गेलं. पण अर्ज भरताना एक गोष्ट लक्षात आली. त्यात ‘व्हिडिओचा मालक कोण’ हे विचारलं होतं. ‘व्हिडिओत कोण आहे, आणि तिला विचारलं होतं का’ हे कुठेच विचारलं नव्हतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क साधारणपणे चित्रण करणाऱ्याचा असतो, चित्रात दिसणाऱ्याचा नसतो. म्हणजे कायद्याने नातवाची दाद घेतली. खालाची दाद नातवाकडेच मागायची होती. जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तिथे माणसाला रीत लागते. कंटेंट तयार करणाऱ्या आपल्या पोरापोरींची अशी काही रीत आहे का, हा माझा प्रश्न आहे.

छंद कधी संपतो?

कोल्हार-घोटी रस्त्यावर राजूर लागतं. पुढे भंडारदरा, रतनगड, कळसूबाई. पूर्वी या रस्त्याने येणारा माणूस राजूरचे पेढे बांधून नेत असे, आता तो रीलही नेतो. गावातली पोरंही मागे नाहीत. मोबाइल दुरुस्तीवाला, गॅरेजवाला, कॉलेजला जाणारी मुलगी, प्रत्येकाचं एखादं चॅनल आहे. मला हे चांगलंच वाटतं. ज्या समाजाबद्दल कायम दुसरेच बोलत आले, त्या समाजाची पोरं स्वतः बोलू लागली आहेत.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल. आजी चुलीपुढे, नातू कॅमेऱ्यामागे. २०२०मध्ये हे चॅनल घराघरांत पोहोचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते हॅक झालं आणि काही दिवसांनी परत मिळालं. चॅनल हातातून जाणं म्हणजे भरलेलं दुकान रातोरात लुटलं जाणं. दुसऱ्याचं रील नाव कापून टाकणारा चोर लहान असेल, पण तो त्याच दुकानातून माल उचलतो.

ज्या दिवशी तुमच्या व्हिडिओवर पैसा येतो किंवा अनोळखी माणूस तुमचं ऐकून काही करतो, त्या दिवशी छंद संपतो आणि धंदा सुरू होतो. धंद्याला रीत असते. शिंपी एकीचं माप दुसरीला सांगत नाही. वकील अशिलाचं गुपित चहाच्या टपरीवर फोडत नाही. कंटेंटच्या धंद्याला अजून कुणी वडीलधारं नाही, म्हणून त्याची रीत आपणच घालायची आहे. मला त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली: विचारणं

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अदब सांगितला आहे. आधी इजाजत घ्या, घरच्यांना सलाम करा, मग आत जा. आणि ‘परत जा’ असं सांगितलं तर परत जा, तेच तुमच्यासाठी अधिक पाक आहे. आपण लहानपणी हे पाठ केलं. पण मोबाइलचा कॅमेराही घरात शिरतो, तो चुलीपर्यंत, पाळण्यापर्यंत जातो, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. विचारण्याचा अर्थ ‘नाही’ ऐकण्याची तयारी, हेही राहून गेलं.

भंडारदऱ्याच्या परिसरात मे अखेर ते जूनमध्ये काजवे चमकतात. त्या प्रकाशानेच नर-मादी एकमेकांना शोधतात. तिथे हजारो लोक मोबाइलचे दिवे, फ्लॅश आणि गाड्यांचे हेडलाइट घेऊन पोहोचतात. ज्या अंधारावर काजव्याचं जगणं उभं आहे तो अंधारच उरत नाही, आणि अंधारात दिसणार नाहीत असे कितीतरी काजवे पायांखाली जातात. हा परिसर १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तिथे महादेव कोळी आणि ठाकर लोकांची घरं आहेत. त्यांच्या दारात उभं राहून, त्यांच्या पोरांना नाचायला लावून ‘आदिवासी जीवन’ नावाचं रील बनवणाऱ्यांत आपलीही पोरं असतात. काजव्याला विचारता येत नाही, तिथे दिवा विझवणं हीच इजाजत. माणसाला मात्र विचारता येतं.

न विचारता टिपलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मध्य प्रदेशातल्या रायसेनच्या एका म्हाताऱ्या फळविक्रेत्याचा जुना व्हिडिओ एप्रिल २०२०मध्ये करोनाशी जोडून देशभर फिरवला गेला. त्याच काळात आपल्या नगर जिल्ह्यातल्या मशिदींत राहिलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. माध्यमांनी चालवलेल्या प्रचारावर त्या निकालात बोट ठेवलं आहे, आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यताही नोंदवली आहे. निकाल आला तोवर व्हिडिओ पाहणारे पुढच्या व्हिडिओकडे गेले होते.

२०२२च्या १ जानेवारीला ‘बुल्ली बाई’ नावाच्या अॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी लावले गेले. फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचललेले. ते अॅप गिटहबवर ठेवलं होतं. गिटहब हे आम्हा इंजिनिअरांचं रोजचं अवजार. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. ज्या विषयाची पदवी माझ्याकडे आहे, तोच शिकणाऱ्या पोरांवर हा आरोप आला. फोटो समोर उघडा आहे म्हणजे तो आपला आहे, असं समजणं कुठवर जातं, ते त्या दिवशी दिसलं.

आता थोडं आपल्याकडे बघू. रमजानमध्ये रेशनचं किट वाटताना आपण किट घेणारीचा चेहरा का दाखवतो? सदका लपवून देणं अधिक चांगलं, असं सांगणाऱ्या दीनची आपण माणसं आहोत. देणगीदारांना हिशोब द्यायचा असेल, तर पावती दाखवा, पोत्यांची रास दाखवा. रांगेत उभ्या असलेल्या विधवेचा चेहरा म्हणजे पावती नव्हे.

आणि आपण सुधारणावादी तरी कुठे मोकळे आहोत? तलाकवर, बहुपत्नीत्वावर बोलणाऱ्या व्हिडिओचा थंबनेल आठवा. बुरख्यातली कुणीतरी अनोळखी बाई, डोळे पाण्याने भरलेले. ती कोण, कशासाठी रडत होती, तिला विचारलं होतं का, कुणालाच माहीत नसतं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. सातच होत्या. पण त्या स्वतः चालत आल्या होत्या. आपण कशासाठी उभ्या आहोत आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. लोकांसमोर येण्याचा निर्णय त्यांचा होता. त्या सात जणींचा वारसा सांगणाऱ्यांनी आठव्या बाईचा चेहरा न विचारता वापरू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विचारण्याची ही रीत सत्तेला पळवाट म्हणून नाही. लाच मागणारा, सभेत विष ओकणारा पुढारी, मिंबरवरून जाहीर बोलणारा मौलाना, यांच्या जाहीर वागण्याचं चित्रण करायला त्यांची परवानगी लागू नये. समोरचा माणूस जितका दुबळा, तितकं विचारणं मोठं. समोरचा जितका बलवान आणि बाब जितकी सार्वजनिक, तितकं ते लहान. लहान मुलाच्या बाबतीत तर त्याचा होकारही पुरेसा धरू नये. मदरशातल्या पोराने दहा वर्षांचा असताना ‘हो’ म्हटलेलं रील त्याच्या पंचविसाव्या वर्षीही फिरत असेल.

दुसरी: नाव घेणं

सहीह बुखारी उघडली की हदीसच्या आधी नावांची साखळी दिसते. याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने अमक्याकडून. मुहद्दिसांनी या इस्नादसाठी आयुष्यं घातली. बोलणं कितीही सुंदर असो, ते कुणाकडून आलं हे सांगता येत नसेल, तर त्याचं वजन कमी. इतकी कडक शिस्त ज्या परंपरेत आहे, तिच्या पोरांनी ‘क्रेडिट : इंटरनेट’ लिहावं?

माझ्या धंद्यातही दुसऱ्याचा कोड रोज वापरला जातो. त्यात लाज नाही. पण एमआयटी लायसन्ससारखा सगळ्यांत मोकळा परवानाही एक अट घालतो : मूळ लेखकाची नोंद पुसायची नाही. वाटेल ते बदला, विका, पण नाव ठेवा. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५७नेही लेखकाला ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याने कॉपीराइट विकला तरी तो हक्क त्याच्याकडे राहतो.

नाव घ्यायचं ते फक्त दुसऱ्या चॅनलवाल्याचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, म्हणून त्यांचं नाव घेतल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. पण ज्यांना पद्मश्री मिळालेली नाही, अशा कितीतरी म्हाताऱ्यांकडून आपण रानभाजी ओळखायला शिकतो, आणि व्हिडिओत म्हणतो, ‘मी तुम्हाला सांगतो’. ज्याने सांगितलं त्याचं नाव घ्या. मात्र नाव नको असेल, तर तेही विचारूनच ठरवा. दोघांनी मिळून काम केलं असेल, तर इन्स्टाग्रामवर दोघांच्या नावाने पोस्ट टाकायची सोय आहे, ती वापरा. पैसे आले तर वाटा आधी ठरवा, लिहून ठेवा. यारी-दोस्तीत राहून गेलेला हिशोबच पुढे यारी खातो.

तिसरी: पैसा सांगणं

‘ही कंपनी मी स्वतः वापरतो’ असं सांगून पैसे घेतले असतील, तर तसं सांगा. ही आता फक्त नीतीची गोष्ट राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम जाहीर केले. त्यानंतर जानेवारी २०२३मध्ये सरकारने इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, फुकट सहल, काहीही मिळालं असेल, तर ते ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगायचं. दिशाभूल झाली तर पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या समाजात या गोष्टीला आणखी एक काटा आहे, तो म्हणजे ‘हलाल’ हा शब्द. बेंगळुरूची आयएमए ही कंपनी हलाल नफ्याच्या नावाने हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेऊन २०१९मध्ये कोसळली. कुणाच्या मुलीच्या लग्नाचे, कुणाच्या निवृत्तीचे. लोकांनी ताळेबंद वाचला नव्हता, ओळखीच्या दाढीवर आणि ओळखीच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. उद्या असाच विश्वास तुमच्या रीलवर ठेवला जाईल. उमऱ्याची सहल असो, गुंतवणुकीचं अॅप असो की मधुमेह ‘मुळापासून’ घालवणारं चूर्ण, ज्याची तुम्ही स्वतः खात्री केली नाही, ते हलाल म्हणून विकणं म्हणजे दीन भाड्याने देणं आहे.

चौथी: भांडण्याची रीत

सूरह हुजुरात सांगते की खबर आली तर आधी शहानिशा करा, एकमेकांची टवाळी करू नका, टोपणनावं ठेवू नका, कुणाच्या खासगी गोष्टी हुडकत बसू नका. आपल्या पोरांची निम्मी ‘एक्सपोज’ मालिका या चार वाक्यांत बंद पडेल.

दुसऱ्याचं चुकलं, तर आधी त्याला मेसेज करा, एक-दोन दिवस द्या. ऐकलं नाही, तर त्याच्या मुद्द्यावर जाहीर बोला, त्याच्या आईवर, बहिणीच्या कपड्यांवर नको. मुलींच्या चॅनलवर जाऊन फतवे झोडणं ही इस्लाह नव्हे. तो फुकटचा त्रास आहे, आणि त्यात तुमच्या रागाच्या कॉमेंटनेही तेच रील आणखी पुढे ढकललं जातं. मशीन राग आणि प्रेम वेगळं मोजत बसत नाही. कॉमेंट मोजतं.

कॉपीराइट स्ट्राइक हेही हत्यार आहे. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक पडले, तर यूट्यूबवरून चॅनल जाऊ शकतं. मे २०२५मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय या वृत्तसंस्थेवर आरोप केला की काही सेकंदांच्या चित्रणासाठी स्ट्राइक टाकून लाखो रुपये मागितले गेले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे कोण बरोबर, हे कोर्ट पाहील. आपल्यापुरतं इतकं ठरवू : टीका, परीक्षण आणि बातमीसाठी थोडा भाग वापरायला कायद्याच्या कलम ५२मध्ये जागा आहे. तुमच्यावर टीका केली म्हणून स्ट्राइक टाकू नका. आख्खं रील नाव कापून पळवलं, तर जरूर टाका.

आणि स्वतः चुकलात, तर जिथे चूक केली तिथेच, तितक्याच मोठ्या आवाजात कबूल करा. व्हिडिओ दोन लाखांनी पाहिला आणि माफी चोवीस तासांत विरणाऱ्या स्टोरीवर टाकली, तर ती माफी नव्हे.

‘मग आमचं कोण बघणार?’

हे सगळं मी राजूरच्या चार पोरांपुढे बोललो, तेव्हा एकाने विचारलं, “चाचा, बाकीचे काही पाळत नाहीत. आम्हीच पाळलं, तर आमचं कोण बघणार?” प्रश्न प्रामाणिक आहे. कदाचित कमी लोक बघतील. न विचारता टिपलेलं दृश्य जास्त जिवंत असतं, चोरलेलं रील तयारच असतं, भांडण पटकन चालतं. रीत पाळणाऱ्याला सुरुवातीला तोटा होतो, हे मी नाकारणार नाही. पण मापात मारणारा दुकानदारही सुरुवातीला पुढेच असतो. गावात दहा वर्षांनी लोक कुणाच्या दुकानात जातात, हे त्या पोरांनीही पाहिलेलं आहे.

आणि आपल्यासाठी हा फक्त गिऱ्हाइकाचा प्रश्न नाही. आपल्याला न विचारता टिपलं जातं, आपलं नाव कापून आपली गोष्ट विकली जाते, याविरुद्ध आपण उद्या कोर्टात, विधानसभेत, रस्त्यावर बोलणार आहोत. तेव्हा समोरचा पहिली गोष्ट ही विचारेल : तुमच्या हातात कॅमेरा होता, तेव्हा तुम्ही काय केलंत?

यंदा मोहरमला खालाकडे पुन्हा चोंगे झाले. नातवाने मोबाइल खिशातून काढला, दारात थांबला आणि विचारलं, “नानी, घेऊ का?” तिने हात पुसले, पदर डोक्यावर घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “माझे हात घे. तोंड नको.” त्याने हात घेतले. ते रील सात हजारांवर थांबलं. खाली नाव आहे, तिने सांगितलं तसं : ‘चोंगे – राजूरची नानी’. तिने ते शेजारणीला स्वतः दाखवलं.